बारा बरण्या, अकरा नाकं

नववी 'अ'च्या वर्गात अठरा बाकं होती आणि चौतीस मुलं. एका बाकावर दोघं, या हिशोबाने सतरा बाकं भरायला हवीत आणि एक रिकामं राहायला हवं. एक रिकामं होतंच, पण ते शेवटचं नव्हतं, शेवटून दुसरं होतं. त्याच्या पुढच्या सोळा बाकांवर तेहतीस मुलं बसली होती: पंधरा बाकांवर दोघं-दोघं आणि पहिल्या बाकावर तिघं, त्यातल्या तिसऱ्याचा अर्धा भाग लाकडावर आणि अर्धा हवेत. रिकाम्या बाकाच्या मागे, अठराव्या बाकावर, एकटी एक मुलगी.

विज्ञान शिकवायला त्या शाळेत गेले तो माझा पहिला दिवस. मी हजेरीच्या आधी बाकं मोजली, म्हणून मुलांनी मधल्या सुट्टीच्या आत माझं नाव 'मोजपट्टी' ठेवलं.

"ते बाक रिकामं का?" मी विचारलं.

"हवा खेळती राहावी म्हणून, बाई," पहिल्या बाकावरचा अर्धा हवेतला मुलगा म्हणाला. वर्ग हसला. मागची मुलगीसुद्धा हसली, पण सगळ्यांपेक्षा जरा लवकर थांबली.

त्या मुलीला सगळे 'चुंबक' म्हणायचे. तिच्या गळ्यात सुतळीला बांधलेलं एक जाड गोल चुंबक असायचं, जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं. तिचं घर कचरा डेपोच्या मागच्या वस्तीत होतं. दुपारी डेपोवर ट्रक यायचे आणि घरातले सगळे माल निवडायला बसायचे. पत्र्यातून लोखंड वेगळं करायचं काम तिचं. वस्तीतून या शाळेत नववीपर्यंत टिकलेली ती पहिलीच. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, की चुंबक तापवलं की त्याची ताकद कमी होते, मग ती ताकद जाते कुठे? मी म्हटलं, उद्या सांगते. घरी जाऊन तीन पुस्तकं उघडली.

अर्ध्या हवेतल्या मुलाचं नाव 'दाढ'. त्याचे वडील दातांचे डॉक्टर होते, शिवाय पालक समितीचे अध्यक्ष. "मागच्या बाकापासून जितकं लांब बसता येईल तितकं बस," असा वडिलांचा हुकूम होता आणि वर्गात सगळ्यांत लांबचं बाक पहिलं. त्यावर आधीच दोघं होते. डॉक्टरांच्या हुकमाची किंमत दाढ रोज पाच तास आपल्या पार्श्वभागाने चुकवत होता.

माझं रुजणं सुरू होतं तोच एका सकाळी डॉक्टर मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन बसले. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणायची, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या तरी. त्यांची ख्याती अशी की त्या कुणालाही नाही म्हणत नाहीत. एकदा कुणा वजनदार माणसाला शाळेच्या मैदानात गाड्या लावायला जागा हवी होती. मोठ्या बाई म्हणाल्या, अवश्य. मग त्यांनी गाडी लावायची वेळ आणि पाचवीच्या क्रिकेटची वेळ एकच ठेवली. दोन काचा गेल्यावर जागेचा विषय परत निघाला नाही.

मला त्या दिवशी प्रयोगशाळेच्या किल्ल्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी दारातच उभी होते.

"मॅडम, मी भेदभाव करणारा माणूस नाही," डॉक्टर म्हणाले.

"छे छे."

"पण वास हा वास असतो."

"असतो ना."

"पोरं वर्गात नाक दाबून बसतात. वस्तीतल्या मुलांसाठी दुपारची पाळी आहेच की. तिकडे त्यांच्यासारखीच मुलं असतात, त्यांनाही बरं वाटेल. शनिवारच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे."

"अगदी बरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या. माझ्या हातातून किल्ल्या पडल्या.

दुपारच्या पाळीचा अर्थ मला माहीत होता, मोठ्या बाईंना तर माझ्याआधी. दुपारी प्रयोगशाळा बंद असते. आणि दुपारीच डेपोवर ट्रक येतात. चुंबकला दुपारच्या पाळीत टाकणं म्हणजे तिचं नाव शाळेतून काढणं. फक्त काढणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात.

"फक्त एक आहे, डॉक्टर," मोठ्या बाई पुढे म्हणाल्या. "ठरावात कुणाचं नाव नको. उद्या कुणी म्हणेल, एका पोरीच्या मागे लागले. वासाच्या मागे लागा. असं लिहा: 'ज्या व्यक्तीचा वास समितीतल्या सर्वांत जास्त सभासदांना असह्य वाटेल, त्या व्यक्तीस दुपारच्या पाळीत हलवण्यात यावे.'"

"व्यक्तीस? विद्यार्थ्यास लिहू ना."

"व्यक्तीस लिहा. भारदस्त वाटतं."

डॉक्टरांना भारदस्त गोष्टी आवडायच्या. त्यांनी लिहिलं.

"आणि ही आमची नवी विज्ञानाची बाई," मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "ती शास्त्रीय पद्धतीने वास घ्यायची सोय करेल. म्हणजे कुणी समितीला नावं ठेवायला नको. तुमच्यासारखा डॉक्टर माणूस अध्यक्ष असताना ऐकीव गोष्टींवर कशाला चालायचं?"

डॉक्टर खुर्चीत जरा उंच झाले. "माझं नाक तसं फार तीक्ष्ण आहे, मॅडम. घरात दूध उतू जायच्या आधी मला कळतं."

"बघा! असं नाक वाया जाता कामा नये."

ते गेल्यावर मी किल्ल्या उचलल्या. "बाई, तिचा वास खरंच येत असेल तर?"

"तुला येतो?"

मी विचार केला. एक-दोनदा धुराचा वास आल्यासारखं वाटलं होतं खरं. पण ती कुठे राहते हे कळायच्या आधी की नंतर, ते मला सांगता येईना. तसं मी म्हटलं.

"मग तुलाच माहीत नाही. मलाही नाही. डॉक्टरांनाही नाही, फक्त त्यांना ते ठाऊक नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता जा आणि आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर मी दुसरं काहीतरी काढीन. तिला न विचारता काही करायचं नाही."

मी चुंबकला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आपला वास आपल्याला येत नाही ना?"

"नाही. सतत येणारा वास मेंदू मोजायचं सोडून देतो. काही मिनिटांतच."

"म्हणजे मला माहीतच नसणार."

"नाही."

"घरात विचारून उपयोग नाही. त्यांना पण नाही येणार." तिने चुंबक टेबलाच्या पायाला लावलं आणि खेचून काढलं. "करू या बाई. एकदा कळू दे तरी. पण बरोबर करायचं. उगाच माझ्या बाजूने नाही."

"बरोबर म्हणजे?"

"एक बरणी अशी ठेवा, की तिच्यातला कपडा कुणी घातलेलाच नाही. त्यालाही नावं ठेवतात का बघू."

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी तसं तिला सांगितलं नाही, पण वहीत लिहून घेतलं.

प्रयोग साधा होता. शाळेच्या कपाटात स्पर्धेसाठी आणलेले पांढरे सुती टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत कोरे पडले होते. बारा घ्यायचे. त्यातले अकरा टी-शर्ट अकरा जणांनी आपापल्या नेहमीच्या जागी पाच तास अंगात घालायचे. अत्तर, पावडर, सुगंधी साबण बंद. मग प्रत्येक टी-शर्ट एकेका काचेच्या बरणीत. झाकणाला भोकं. बरणीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा हे फक्त शिपाईकाकांना माहीत. मला नाही, मोठ्या बाईंना नाही.

वर्गाला हे कळल्यावर जो उत्साह आला तो मी प्रकाशाच्या परावर्तनाला कधी पाहिला नव्हता.

"बाई, माझे फुटबॉलचे मोजे घ्या!" दाढ ओरडला. "ते एकटेच उभे राहतात!"

"बाई, एका बरणीत मेलेली पाल टाकू."

"पीटी सरांचा टॉवेल!"

"कशाला रे?" चुंबक मागून म्हणाली.

"अगं, तुझी बरणी कुणाच्या लक्षातच येणार नाही. बाकीच्या सगळ्या घाण करून टाकू ना."

"मग मला कळणार कसं?"

दाढने हवेतली बाजू बदलली.

"खोटं करून मी इथे राहिले," ती म्हणाली, "तर दर वेळी कुणी नाकाला हात लावला की मला वाटणार, माझ्यामुळेच. त्याला सर्दी झालेली असली तरी."

पाल रद्द झाली. मोजेही. टी-शर्ट घालायला सात मुलं ठरली: चुंबक, दाढ आणि आणखी पाच. मोठ्यांतून पीटी सर, मी आणि मोठ्या बाई. झाले दहा. अकरावा कोण, यावर मोठ्या बाईंनी डॉक्टरांना फोन केला. मी समोर बसले होते.

"डॉक्टर, एक अडचण आहे. तुलना करायला एक शुद्ध नमुना लागतो म्हणे. स्वच्छतेचा आदर्श. मला तर शहरात एकच नाव सुचलं... नाही नाही, आग्रह नाही... हो? खरंच? दिवसभर, दवाखान्यात घातलात तरी चालेल. तीच तुमची नेहमीची जागा. उपकार झाले हो."

त्यांनी फोन ठेवला.

"बाई," मी म्हटलं, "शास्त्राला शुद्ध नमुना नाही लागत. कोरा टी-शर्ट आहे त्यासाठी. आणि मुलं वर्गात घालणार, डॉक्टर दवाखान्यात. ही तुलना बरोबर नाही."

"मग त्यांनी आक्षेप घ्यावा. घेतला का?"

"नाही."

"आनंदाने तयार झाले. कुणी आपण होऊन दगडाखाली हात घालत असेल तर मी दगड धरून ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी चुंबकची आई आली. हातात जाड हातमोजे, ते काढायचंही भान नव्हतं तिला. खोलीत शिरताच तिने विचारलं, "माझ्या पोरीचे कपडे कोण हुंगणार आहे?"

शिपाईकाकांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"अकरा जण," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझेही हुंगणार आहेत."

"तुमचे?"

"माझे, या बाईचे, पीटी सरांचे आणि अध्यक्षांचेही. कुठली बरणी कुणाची, कुणालाच कळणार नाही. तुमच्या मुलीने 'बरोबर करा' म्हटलंय. नको असेल तर आत्ता थांबवते."

आईने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही तिला साबण-बिबण दिलात का?"

आदल्या दिवशी मी खरंच एक वडी घेऊन ठेवली होती. ती माझ्या पर्समध्ये होती. "नाही," मी म्हटलं.

"देऊ नका. ती रोज नळावर आंघोळ करूनच येते. थंड पाण्याने."

"हिने साबण दिला तर मी हिचे हात बांधून ठेवीन," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रयोग बिघडेल."

आईला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "एवढं चांगलं नाक आहे अध्यक्षांचं, तर आमच्याकडे पाठवा की मोसमात. ट्रक आला की ओलं-सुकं वेगळं करायला माणूस कमी पडतो." मग खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "हुंगू दे. पण निकाल काय लागला ते तिला आधी सांगा. गावभर नंतर."

मोठ्या बाईंनी मान डोलावली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना कसलीही युक्ती न करता हो म्हणताना पाहिलं.

टी-शर्टचा दिवस गेला. पीटी सरांनी पाचही तास मैदानात काढले आणि "मी काही विशेष केलं नाही" असं वर सांगितलं. मोठ्या बाईंनी टी-शर्ट साडीवर घातला. पाचवीच्या मुलांना वाटलं, बाई मॅचला निघाल्या. चुंबक वर्गात नेहमीसारखी बसली, फक्त हात वर करायचा असला की कोपर अंगाला चिकटवून करत होती. संध्याकाळी शिपाईकाका दवाखान्यातून डॉक्टरांचा टी-शर्ट घेऊन आले. डॉक्टरांनी तो आतून, ॲप्रनखाली घातला होता आणि त्या दिवशी त्यांच्याकडे गर्दी होती.

शनिवारी प्रयोगशाळेत समिती जमली. अध्यक्षांसकट अकरा सभासद. लांब टेबलावर बारा बरण्या. मुलांना आत यायची बंदी होती. दाराबाहेर चुंबक आणि दाढ थांबले होते. दाराची फट अधूनमधून काळी पडायची, त्यावरून कळत होतं.

"आधी ठराव," मोठ्या बाई म्हणाल्या. "तत्त्व आधी ठरू दे, मग व्यक्ती. नाहीतर लोक म्हणतील, निकाल बघून नियम केला."

हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन कुजबुजले, "बाई, सगळ्यांनी तिचीच बरणी उचलली तर?"

"तर उचलली."

"मग?"

"मग मला रविवारभर डोकं चालवावं लागेल. आता गप्प बस."

ठराव एकमताने मंजूर झाला. मी सूचना दिल्या: प्रत्येकाने एकट्याने टेबलापाशी यायचं, बाराही बरण्यांचा वास घ्यायचा आणि वर्गात शेजारी नको वाटेल अशा एकाच बरणीचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठीवर नाव नको. बोलायचं नाही.

न बोलणं डॉक्टरांना जमण्यासारखं नव्हतं. ते पहिले आले. बरणी नाकाशी नेऊन, डोळे मिटून, भुवया उंचावून त्यांनी वास घ्यायला सुरुवात केली.

"एक... हं. घाम. दोन, मूल आहे, दुधाळ. तीन... ओहोहो!" त्यांनी तीन नंबर हातभर लांब धरला. "डोळे झाकून सांगतो. डेपो! प्लास्टिक, रसायन, सगळं आहे यात."

"डॉक्टर, बोलायचं नाही," मी म्हटलं.

"सॉरी सॉरी." सात नंबरपाशी ते थांबले. दोनदा हुंगलं. "आणि ही बघा. काही म्हणजे काही नाही. चांगल्या घरातलं लेकरू."

बाकीचे दहा एकामागून एक येऊन गेले. नळाच्या दुकानाचे मालक प्रत्येक बरणीनंतर खिडकीपाशी जाऊन श्वास घेऊन यायचे. बँकेतल्या काकूंनी सात नंबरपाशी पदर नाकाला लावला. एक गृहस्थ सगळ्या बरण्या हुंगून झाल्यावर म्हणाले, "मला तर सगळ्यांत माझ्या मुलाच्या खोलीचाच वास येतो," आणि काहीतरी लिहून गेले.

मी चिठ्ठ्या उघडून फळ्यावर रेघा मारल्या. सात नंबरला पाच. तीन नंबरला दोन. चार, पाच, नऊ आणि अकरा यांना एकेक. पाच अधिक दोन अधिक चार, अकरा. बेरीज जुळली.

"म्हणजे सात," डॉक्टर जरा नाराजीने म्हणाले. "मला तसं वाटलं नव्हतं. पण बहुमत ते बहुमत. काय लागलं तुम्हाला सातमध्ये?"

"जळका वास हो," बँकेतल्या काकू म्हणाल्या. "केस जळाल्यासारखा."

"आणि रबर," नळवाले म्हणाले. "आणि वरून फिनेल. डेपोच की! दुसरं काय असणार?"

जळका वास म्हटल्यावर मला वस्तीवरचा धूरच आठवला. दाराची फट पूर्ण काळी होती.

"काका, वाचा," मोठ्या बाई म्हणाल्या.

शिपाईकाकांनी चष्मा लावला. खिशातून कागद काढला. "तीन नंबर," ते म्हणाले, "कोरा. पिशवीतून काढला तो थेट बरणीत. कुणी घातलाच नाही."

डॉक्टरांनी घसा खाकरला.

"सात नंबर." काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टरसाहेब."

मग नळवाल्यांनी, चेहरा अगदी गंभीर ठेवून, विचारलं, "डॉक्टर, दुपारची पाळी साडेबाराला भरते ना? पाण्याची बाटली न्या हो, तिकडे नळाला पाणी नसतं."

आणि मग काही कुणाला आवरेना. बँकेतल्या काकू तर पदरात तोंड लपवून हलत होत्या.

"प्रयोगात चूक आहे!" डॉक्टर उभे राहिले.

"आहे," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मोठ्या बाईंनी मला टेबलाखालून पाय मारला, पण चूक होती ती होती. "मुलांचे नमुने वर्गातले आहेत आणि तुमचा दवाखान्यातला. दात कोरताना जो धुरळा उडतो त्याला जळक्या केसांसारखा वास येतो, हातमोज्यांना रबराचा, आणि फरशी पुसायचं औषध वेगळं. ही तुलना न्याय्य नाही. पुन्हा करता येईल. तुम्ही पाच तास आमच्या वर्गात बसायचं. एक बाक रिकामं आहे."

"पण मला तर काहीच वास आला नाही!" डॉक्टरांनी सात नंबरची बरणी उचलली, झाकणच काढलं आणि नाक आत घातलं. "काहीच नाही. बघा ना. कोरा आहे."

त्याच वेळी दार उघडलं. उघडलं म्हणजे दोघांच्या भाराने आत आलं. मागोमाग दाढ, आणि दाढवर चुंबक.

"इकडे ये," डॉक्टर मुलाला म्हणाले. त्यांचा आवाज अध्यक्षांचा राहिला नव्हता. "वास घे. खरं सांग. येतो?"

दाढने बरणीत नाक न घालताच मान हलवली. "रोजच येतो, बाबा. तुम्ही आलात की जिन्यातच कळतं."

"कधी बोलला का नाहीस?"

"त्यात काय बोलायचं?" दाढला खरंच कळेना. "तो तुमचा वास आहे."

डॉक्टर बरणी हातात धरून बसले. हसणारे आपोआप थांबले. मग त्यांनी झाकण फिरवून घट्ट लावलं, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाले, "मॅडम, ठराव मागे घेतो."

"तुमचा एकट्याचा नाही तो," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकमताने मंजूर झालाय. मागे घ्यायलाही एकमत लागेल. नाहीतर सोमवारी दुपारी मला तुमची हजेरी घ्यावी लागेल, आणि तिकडचे सर फार कडक आहेत."

"हात वर करा हो," डॉक्टर सभासदांना म्हणाले. त्यांचा हात आधीच वर होता. नळवाल्यांनी आपला हात सगळ्यांत शेवटी, अगदी सावकाश, खांदा दुखतोय असं दाखवत वर केला. अकरा.

समिती चहा प्यायला निघून गेली. डॉक्टर दारापाशी चुंबकसमोर क्षणभर थांबले. शेवटी म्हणाले, "दात दाखव." तिने दाखवले. "छान आहेत," असं म्हणून ते गेले. दाढने कपाळावर हात मारला.

चुंबक मात्र जागची हलली नव्हती. "काका, माझी बरणी कुठली?"

तिला आधी सांगायचं कबूल केलं होतं. काकांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग कागदाकडे. "अकरा."

तिने फळ्याकडे पाहिलं. अकरा नंबरपुढे एक रेघ होती.

"एक आहे," ती म्हणाली.

"एकच आहे," काकांच्या कागदात डोकावत दाढ म्हणाला. "मलाही एक आहे. नऊ नंबर मी. आणि पाच नंबर कोण, काका? मोठ्या बाई? हा हा!"

"वर्गात जा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पण शून्य नाही," चुंबक म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "बाई, एक म्हणजे येतो की नाही येत?"

"तूच काढ," मी म्हटलं. "समज, या अकरा जणांना नाकच नव्हतं. प्रत्येकाने डोळे मिटून बारांतली कुठलीही एक बरणी उचलली. तर तुझ्या वाट्याला सरासरी किती आल्या असत्या?"

तिने खडू घेतला. ओठ हलले. डाव्या हाताने सुतळीवरचं चुंबक मुठीत धरलेलं. अकरा लिहिले, खाली रेघ, रेघेखाली बारा. भागाकार फळ्याच्या कडेला केला, दोन दशांश स्थळांपर्यंत. मग मधली जागा बाहीने पुसून तिथे दोन ओळी लिहिल्या.

मोजलेले: १
नुसत्या नशिबाने अपेक्षित: ०.९२